जीपस्टँडवरचा घसा

"मॅडम, खरं सांगजा, कॅन्सर त नाही नं?"

मी त्यांच्या नवऱ्याच्या घशात पाहत असतानाच रेखाताईंनी विचारलं. चिखलीत मी कान-नाक-घशाची डॉक्टर आहे. हा प्रश्न मला नवा नाही. त्यांचा नवरा विष्णू जीपस्टँडवर आवाज देतो. 'मेहकर, मेहकर, डोणगाव!' असं ओरडून सीट भरायच्या आणि ड्रायव्हरकडून आपला हिस्सा घ्यायचा, हेच त्याचं काम. महिनाभर आवाज बसलेला, आता तर नुसती हवा निघत होती. आवाज गेला तर घर कशावर चालणार, ही धास्ती दोघांच्याही चेहऱ्यावर होती.

एंडोस्कोपी केली, म्हणजे कॅमेऱ्याची बारीक नळी नाकातून घशात सोडली. स्क्रीनवर आवाजाच्या पट्ट्या दिसल्या. निरोगी पट्ट्या पांढऱ्या असतात, याच्या लालभडक आणि सुजलेल्या. गाठ नाही, चट्टा नाही.

"कॅन्सर नाही," मी म्हणाले. रेखाताईंनी हात जोडले.

विष्णूला ना विडी, ना तंबाखू. मग सूज कशाने, हे पाहायला मी स्वतःच स्टँडवर गेले. जीपची रांग उभी, सगळ्यांची इंजिनं चालू आणि विष्णूची जागा नेमकी सायलेन्सरच्या मागे. थोड्याच वेळात माझंच नाक झोंबायला लागलं. हा माणूस दिवसभर तो धूर ओढत, इंजिनांच्या वरताण ओरडत होता. नुसत्या गोळ्यांनी काय होणार, कपाळ?

ड्रायव्हर मंडळींत दत्ताभाऊंचा शब्द चालतो. त्यांना म्हटलं, "गाडी उभी असली की इंजिन बंद ठेवा."

"बंद गाडीत पॅसेंजर चढत नाही, मॅडम. त्याले वाटते, हे काही लवकर हालत नाही."

"आणि चालू असली की लगेच निघता?"

"निघतो न. भरली की." दत्ताभाऊ हसले.

मी हसले नाही. "असंच चाललं तर विष्णूचा आवाज कायमचा घोगरा होईल."

त्यांचा चेहरा बदलला. मागे वळून ते ओरडले, "बंद करा बे गाड्या!"

पॅसेंजर चढायचे थांबले नाहीत. ड्रायव्हर स्टिअरिंग धरून बसला, की त्यांना तेवढं पुरायचं. मी विष्णूला बोलायची बंदी केली, तेव्हा ड्रायव्हर स्वतःच आवाज देऊ लागले आणि त्याचा हिस्सा रोज घरी पोचवत राहिले. हे मी सांगितलं नव्हतं.

"आमचाच माणूस हाये," दत्ताभाऊ एवढंच म्हणाले.

काही आठवड्यांनी पुन्हा तपासलं तेव्हा पट्ट्या पांढऱ्या दिसल्या. "बोला आता काहीतरी. हळू."

विष्णू बायकोकडे वळला. स्वच्छ आवाजात म्हणाला, "घाबरू नको वं आता."

रेखाताई तिथेच रडायला लागल्या.

बरं केल्याचे पेढे मला मिळाले. खरं तर ते स्टँडवर वाटायला हवे होते. औषध विष्णूने घेतलं, पथ्य ड्रायव्हरांनी पाळलं.