मंगलला मी काय सांगितलं

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, पोरांजवळ नाही, पलटणीतल्या दोस्तांजवळ तर नाहीच. तुमची-माझी ओळख नाही. त्यामुळंच बहुतेक जमेल, असं वाटतंय.

एक गोष्ट आधी सांगून टाकतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या माजी सैनिकांच्या घरांत माझं नाव चांगलं आहे. बढाई म्हणून सांगत नाही. पुढं जे झालं ते त्या चांगल्या नावामुळंच होऊ शकलं. मी पलटणीत क्लार्क होतो. बंदुकीपेक्षा टाइपरायटर जास्त वापरला. सुभेदार होऊन नव्वदच्या सुमाराला घरी आलो तेव्हा लक्षात आलं, की गावोगावचे म्हातारे शिपाई आणि त्यांच्या बायका हक्काचं मिळत असूनही न घेता बसलेत. कुणाच्या आडनावात एक वेलांटी चुकलेली. कुणाला माहीतच नाही, की नवरा गेल्यावर आपल्याला काही मिळतं. मला नियम पाठ होते. कोल्हापुरात जिल्हा सैनिक कार्यालयाच्या बाहेर चहाची एक गाडी होती, तिथल्या बाकड्यावर मी बसायला लागलो. सकाळच्या एसट्यांनी माणसं यायची आणि आधी मला गाठायची. पैसा कुणाकडून घेतला नाही. चहासुद्धा माझा मी घ्यायचो.

पण दुसरं काहीतरी मला मिळत होतं, ते मी घेत होतो. "सुभेदार म्हणालेत" म्हटलं, की विषय संपायचा. वकिलाला विचारणारी माणसं माझ्या एका शब्दावर उठून घरी जायची. हे कुणाला आवडणार नाही? मला तर फार आवडायचं.

आता शामरावांचं सांगतो. त्यांच्याशिवाय ही गोष्ट कळायची नाही.

मी अठरा वर्षांचा रंगरूट होतो, बेळगावात. ट्रेनिंग झेपेना. एक दिवस पत्र्याची पेटी उचलली आणि सरळ रेल्वे स्टेशन गाठलं. शामराव तेव्हा तिथं हवालदार होते, पेठ वडगावजवळच्या एका खेड्यातले, म्हणजे आमच्याच मुलखातले. ते स्टेशनवर आले, माझ्याशेजारी बसले, एक भजीची पुडी दोघांत संपवली आणि मला परत घेऊन गेले. वर कुणाला कळवलं नाही. कळवलं असतं तर माझी नोकरी तिथंच संपली असती. पुढं माझी जी काही बरकत झाली — घर, पेन्शन, पोरांची शिक्षणं — ती त्या भजीच्या पुडीपासून सुरू झाली, असं मी धरत आलोय.

त्यांचा थोरला मुलगा विलास. तोही फौजेत गेला आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यात काश्मीरमध्ये एका चकमकीत गेला. शवपेटी गावात आली तेव्हा मी शामरावांच्या शेजारी उभा होतो. विलासची बायको मंगल. बावीस-तेवीस वर्षांची, बारावी झालेली, कडेवर दीड वर्षांची मुलगी. तिचं सगळं कामकाज मी केलं. पेन्शन सुरू झाली, बाकी जे मिळायचं ते मिळालं. त्यात मी काही चुकलो नाही.

चार-सहा महिन्यांनी शामराव माझ्याकडं कसबा बावड्याला आले. पाणी प्याले आणि म्हणाले, "मंगलचा भाऊ येऊन गेला. तिला माहेरी न्हेतो म्हणतोय. तिला मास्तरणीचा कोर्स करायचाय म्हणं कोल्लापुरात. पोरगी घिऊन गेली तर माझ्या घरात विलासचं ऱ्हायलं काय, सांग की."

मग त्यांनी मनातलं काढलं. धाकट्या सुरेशशी मंगलचं लावून द्यायचं. सुरेश हुपरीला चांदीच्या कारखान्यात पैंजणांच्या कड्या जोडायचं, डाग द्यायचं काम करायचा. मंगलपेक्षा दोन वर्षांनी लहान. तिला वहिनी म्हणायचा.

"ती तयार हाय?" मी विचारलं.

"तुझं ऐकंल ती. तू ये आणि पेन्शनीचं तिला नीट समजावून सांग."

नीट म्हणजे काय, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आम्हा दोघांनाही कळलं होतं.

नियम साधा होता. विधवेनं पुन्हा लग्न केलं नाही, तर पेन्शन तिची. ती सासरी राहो, माहेरी राहो, कोल्हापुरात खोली घेऊन राहो. परक्या घरात लग्न केलं तर जायची. दिराशी केलं तर राहायची. म्हणजे मंगलला कुणाशीच लग्न करायचं नसेल, तर तिला कसलीच भीती नव्हती. हे तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

मी गेलो. घराच्या पुढच्या सोप्यात बसून सगळ्यांसमोर बोललो — दिराशी लग्न केलं तर पेन्शन चालू राहते. हे खरंच होतं. पुढचं बोललो नाही. मंगल उंबऱ्याच्या आत उभी होती. सासऱ्यासमोर काय बोलणार? मी जेवलो आणि निघालो.

इथवर तरी मला सुटायला जागा होती. अर्धंच सांगितलं, दबाव होता, घर त्यांचं होतं — असं काहीतरी म्हणता आलं असतं. पण तसं झालं नाही.

मी एसटीच्या थांब्यावर उभा होतो. मागून मंगल आली. सासूनं भुईमुगाच्या शेंगांची पिशवी देऊन पाठवलं होतं. तिनं पिशवी माझ्या हातात दिली, मागं वळून बघितलं. रस्त्याला चिटपाखरू नव्हतं. मग तिनं विचारलं —

"काका, खरं सांगा. मी लगीनच न्हाई केलं, पोरगीला घिऊन माहेरी ऱ्हायलो, तर पेन्शन बंद हुतीया काय?"

बघा, किती नेमकं विचारलं होतं. क्लार्कसुद्धा इतकं नेमकं विचारत नाहीत. तिनं मनात हा प्रश्न किती वेळा घोळवला असेल? आणि विचारायला तिला मीच दिसलो. शामराव तिथं नव्हते. कुणीच नव्हतं. मी खरं सांगितलं असतं, तर कुणाला कळलंही नसतं.

मी म्हणालो, "व्हय. बंद हुईल."

ती म्हणाली, "आसं हाय व्हय." बस्स. एसटी आली, मी चढलो. खिडकीतून बघितलं तर ती घराकडं चालत निघाली होती, भरभर, काम राहिल्यासारखी.

का बोललो मी तसं? शामरावांचे उपकार होते, खरं आहे. पण तेवढंच नव्हतं. एक कोवळी बाई पोर घेऊन एकटी राहणार, कोर्स करणार — ते मला पटत नव्हतं. आणि आणखी एक. एका शब्दानं एका घराचं गणित मी लावू शकतो, हे मला त्या क्षणी माहीत होतं. ते वापरून बघितलं. याहून चांगलं कारण मला सापडलेलं नाही, आणि मी पुष्कळ वर्षं शोधलंय.

लग्न झालं. घरच्या घरीच, वाजंत्री नाही. सुरेश वाईट माणूस नव्हता. मारलं नाही, दारू नाही. पण त्यालाही कुणी विचारलं नव्हतं. तो हुपरीलाच कारखान्यावर राहायला लागला. बाजारच्या दिवशी यायचा, पैसे ठेवायचा, जायचा. मुलगा झाला. एकदा मी त्यांच्याकडं बसलो असताना सुरेशनं आतल्या बाजूला हाक मारली — "वहिनी, पाणी द्या." लग्नाला तेव्हा तीन वर्षं झाली होती. हाक मारल्यावर त्याचं त्यालाच कळलं. मंगलनं पाणी आणून दिलं. शामराव जमिनीकडं बघत बसले. मीही.

मास्तरणीचा कोर्स राहिला. सासू अर्धांगानं अंथरुणाला खिळली, तिचं सगळं मंगलनं केलं. आणि मंगल माझ्या कामाला लागली. हो — माझ्याच. आसपासच्या गावांत कुणी विधवा आहे, कुणाचं काम अडलंय, हे हुडकून ती बायकांना माझ्याकडं आणायची. "आमचं काका हाईत, त्येनी सांगतील त्ये खरं," असं त्यांना सांगायची. ते माझ्या कानावर यायचं. तेव्हा मी काय केलं असेल? चहाचे पैसे दिले आणि पुढचं काम काढलं.

कारगिलनंतरची गोष्ट. एकाएकी सगळ्यांना सैनिकांच्या बायकांची आठवण झाली होती. पेठ वडगावात आम्ही एक मेळावा घेतला. शाळेचं पटांगण, मांडव, माईक. बायकांनी प्रश्न विचारायचे आणि मी उत्तरं द्यायची. हातकणंगल्याकडची सुजाता नावाची एक मुलगी उभी राहिली. बौद्ध घरातली, बाप शाळेत शिपाई, नवरा जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. तिनं तोच प्रश्न विचारला. जवळजवळ त्याच शब्दांत.

मंगल पहिल्या रांगेत बसली होती.

मी माईक धरून उभा. म्हणालो, "त्ये जरा... मागनं भेटा, सविस्तर सांगतो." तेवढ्यात मंगल उठली. वळली आणि त्या पोरीला मोठ्यानं म्हणाली, "बंद हुतीया बाई. माझ्यावर ह्यो परसंग आलता. मला काकांनीच सांगितलंय." तिचा आवाज अगदी मायेचा होता. दुसरीची फसगत होऊ नये म्हणून सांगत होती ती.

आणि मी? मी पुढचा प्रश्न घेतला.

पण झोप लागेना. आठ दिवसांत सुजाताच्या घरी गेलो आणि तिला खरं सांगितलं. पेन्शन कुठं जात नाही, लग्न कर नाहीतर नको करू, शीक. तिच्या बापाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिथं तरी गोष्ट नीट संपवायची! पण सुजातानं विचारलं, "मग त्या ताई तसं का म्हणाल्या?"

मी म्हणालो, "मंगलचा कायतरी गैरसमज झालाय."

असं म्हणालो मी. गैरसमज तिचा.

सुजाता नर्सिंग शिकली. कोल्हापुरात एका दवाखान्यात लागली. काही वर्षांनी मंगलच्या सासूला त्याच दवाखान्यात ठेवलं. सुजातानं मंगलला ओळखलं, म्हातारीचं मनापासून केलं आणि बोलता बोलता सगळं सांगितलं. तिच्या मनात काही नव्हतं. ताईंचा गैरसमज अजून असला तर दूर व्हावा, इतकंच.

मंगल माझ्या घरी आली. शामराव तोवर वारले होते. माझी बायको आत चहा टाकत होती. मंगल खुर्चीच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "काका, सुजाता म्हनत्या माझा गैरसमज झालता. माझा झालता काय?"

तीच नेमकी विचारण्याची पद्धत. शामराव नव्हते, उपकार फेडायचे राहिले नव्हते, कुणाला सांभाळायचं नव्हतं. माझं नाव सोडून.

मी म्हणालो, "न्हाई गं. तवा नियमच तसा हुता. मागनं बदलला."

"कवा बदलला?"

मी एक साल सांगितलं. अडखळलो नाही. इतकी वर्षं सालं, कलमं, परिपत्रकं सांगत आलो होतो, त्यामुळं खोटं सालही खऱ्यासारखंच तोंडातून आलं.

ती म्हणाली, "बरं." चहा आला, तो तिनं पूर्ण प्याला. आपल्या मुलीसाठी हॉस्टेलचं विचारलं, माझ्या बायकोशी सासूच्या दुखण्याबद्दल बोलली आणि गेली.

तिला पटलं का? मला माहीत नाही. त्यानंतर ती माझ्याशी कधी तुटक वागली नाही. सणाला भेटते, पाया पडते. तिची मुलगी मास्तरीण झाली तेव्हा पेढे घेऊन आली. पण बायकांना घेऊन ती आता बाकड्याकडं येत नाही. त्यांना घेऊन सरळ कार्यालयात जाते, खिडकीशी उभी राहते आणि तिथल्या माणसाला विचारते. त्यानं तोंडी सांगितलं, की म्हणते, "छापलेलं दावा." मी बाहेर चहाच्या गाडीशी बसलेलो असतो, मला ऐकू येतं. जाताना ती विचारते, "काका, चा झाला काय?" मी झाला म्हणतो.

नियम बदलला नव्हता. थांब्यावर तिनं विचारलं त्या दिवशीही तोच होता, आणि मला तो शब्दन् शब्द पाठ होता.