मृत मानण्यात येत आहे

चंपतराव रेवतकर आमच्या वाचनालयात पहिल्यांदा आले ते १९७१ च्या डिसेंबरात. पाकिस्तानशी युद्ध सुरू होतं आणि अमेरिकेचं नाव काढलं तरी लोक चिडत. सीताबर्डीवरच्या त्या वाचनालयात अमेरिकेहून भेट आलेल्या पुस्तकांची दोन कपाटं होती, तिकडे कोणी फिरकत नसे. ती माझ्या ताब्यात होती. मी सव्वीस वर्षांची, इंग्रजीत एम.ए. झालेली, नुकतीच नोकरीला लागलेली. धोतर आणि काळी टोपी घातलेला साठीचा माणूस थेट त्या कपाटांपाशी येऊन उभा राहिला, तेव्हा मला वाटलं, चुकून आले असतील.

त्यांनी पिशवीतून दोन कागद काढून माझ्या टेबलावर ठेवले.

पहिला जाड, सायीच्या रंगाचा. वर अमेरिकेच्या अध्यक्षांच्या निवासस्थानाचं नाव, खाली त्यांची सही. मधे चार ओळी : तुमच्या मुलाने केलेल्या त्यागाबद्दल हे राष्ट्र तुमचे ऋणी आहे. दुसरा कागद लष्करी खात्याचा, साधा. मुलगा ज्यात होता ते हेलिकॉप्टर १९६९ मध्ये व्हिएतनामच्या जंगलात कोसळलं. वर्षभर शोध लागला नाही. सबब त्याला मृत मानण्यात येत आहे.

"वाचून दाखवू का काका?" मी विचारलं.

"नाई. कितीदा वाचून घेतलं लोकायकडून, पाठ आहे मले." ते म्हणाले. "मले एवढंच पाहायचं आहे, असा कागद आणखी कोणाकोणाले आला. एवढ्या मोठ्या माणसानं एखाद्या बापाले लिहिलेला. त्या बापायनं पुढं काय केलं, ते कुठं लिहिलं असन तर पाहा, बाई."

हळूहळू बाकीचं कळलं. चंपतराव नरखेड तालुक्यात पटवारी, म्हणजे तलाठी, होते. एकुलता एक मुलगा अनंता शेतकी कॉलेजात पहिला आला आणि पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेला गेला. तो विद्यार्थी म्हणूनच राहणार होता. चंपतरावांनीच त्याला पत्रामागून पत्र लिहिलं, कायम राहण्याचा परवाना घेऊन टाक, कच्च्या कागदावर माणसाने राहू नये. अनंताने परवाना घेतला. तो परवाना असलेल्या तरुणांनाही तिथे सक्तीने लष्करात बोलावत होते, हे इथे कोणाला ठाऊक असणार? अनंताला बोलावणं आलं. त्याने घरी कळवलं ते प्रशिक्षण संपल्यावर.

"त्याले नको होता तो कागद," चंपतराव म्हणाले. "मी घ्यायले लावला."

मी शोधायला लागले. एका जाड ग्रंथात मला लिंकनचं पत्र सापडलं. अमेरिकेच्या यादवी युद्धात पाच मुलगे गमावलेल्या एका आईला त्याने लिहिलेलं. मी ते मराठीत करून चंपतरावांना वाचून दाखवलं. ते टोपी हातात घेऊन ऐकत राहिले आणि मग भर वाचनालयात रडले. माझं भाषांतर त्यांनी नकलून घेतलं, धंतोलीतल्या आपल्या दोन खोल्यांत बायकोला, भागीरथाबाईंना, वाचून दाखवलं. पुढच्या आठवड्यात म्हणाले, "पाच गेले तिचे. आपला तर एकच. भागीरथा म्हणे, त्या बाईचं नाव काय होतं?" त्या थंडीत ते जरा सावरल्यासारखे वाटले.

तिथेच थांबायला हवं होतं. पण मला सापडल्याची धुंदी चढली होती. उन्हाळ्यात एका जुन्या नियतकालिकात त्याच पत्रावर लेख मिळाला. पुढच्या संशोधनात असं निघालं होतं, की त्या बाईचे सगळे मुलगे काही मेले नव्हते. लढाईत दोनच गेले होते. लष्करी कचेरीने चुकीची माहिती दिली आणि लिंकनने ती खरी धरून पत्र लिहिलं. मी मोठ्या उत्साहाने हे चंपतरावांना सांगितलं.

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. म्हणाले, "पुन्हा सांगा. प्रेसिडेंटनं मेला म्हणून लिहिलं, अन् पोरगा जिता होता?"

"हो, पण काका, ते शंभर वर्षांपूर्वी..."

"मी स्वतः असा माणूस मारला आहे, बाई. रुपराव नावाचा. भावानं सांगितलं, मेला. कोतवालानं सांगितलं, मेला. मी वहीत मयत लिहिलं. दोन वर्षांनी माणूस दारात उभा! म्हणे, पटवारीसाहेब, माह्यं वावर कुठी गेलं?" त्यांचा आवाज चढला. "कागद करणारा पाहाले जाते का? त्याले जे सांगतलं ते तो लिहिते. अन् हे तर म्हणूनच राहिले, मानण्यात येत आहे. मेला असं कुठं लिहिलं आहे? दाखवा!"

त्या दिवसापासून ते दर मंगळवारी येऊ लागले. ते सांगत, मी वाचनालयाच्या मशीनवर इंग्रजीत टाईप करून देई. अध्यक्षांना, सिनेटरांना, लष्करी खात्याला. पत्ता वाचनालयाचा, कारण चंपतरावांचा आपल्या गल्लीतल्या पोस्टमनवर विश्वास नव्हता. अध्यक्ष बदलले की पत्र नव्याने लिहायचं, पहिल्यापासून. उत्तरं येत. सुरेख कागद, सहानुभूतीची चार वाक्यं, आणि आपले पत्र संबंधित विभागाकडे पाठवले आहे. संबंधित विभाग लिहायचा, नवीन माहिती नाही.

१९७३ मध्ये व्हिएतनाममधले अमेरिकी युद्धकैदी सुटले. परतलेल्यांची यादी आम्ही मागवली. चंपतरावांनी नावांवरून बोट फिरवलं, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. अनंताचं नाव नव्हतं.

"यादी करणाराही माणूसच," ते म्हणाले.

ते दिल्लीला वकिलातीत जाऊन आले. फाटकावरच्या माणसाने नाव लिहून घेतलं आणि परत पाठवलं. गावची संत्र्याची बाग त्यांनी दुसऱ्याला करायला दिली आणि तिकडे जाणं बंद केलं. नागपुरात राहिलं पाहिजे, निरोप इथे येईल. इंग्रजी मात्र ते शिकले. शब्दकोश मांडीवर घेऊन आलेलं प्रत्येक पत्र स्वतः लावत, एखाद्या शब्दावर तासभर अडून राहत. मी कितीदा ठरवलं, आज सांगायचं, पुरे करा. पण ती आशा मी त्यांच्या हातात दिली होती. ती काढून घ्यायची कोणत्या तोंडाने?

१९८१ च्या मार्चमध्ये एक लहानखुरी बाई वाचनालयाच्या दारात चप्पल काढून आत आली.

"तू अरुंधती ना वं? मी अनंताची माय."

इतक्या वर्षांत भागीरथाबाईंना मी पाहिलं नव्हतं. मी खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत.

"पोराले बारा वर्सं झाली. भटजी म्हणते, बारा वर्सं बेपत्ता असन तर पळसाच्या पानाचा पुतळा करून क्रिया करता येते. मी ह्यायले म्हटलं. हे म्हणतात, जित्या पोराची क्रिया करू काय?" त्यांनी पदर घट्ट धरला. "घरात मले रडूही देत नाईत. अशुभ म्हणतात. बारा वर्सं मी त्याचं ताट वाढून राहिली, पोरी. रोज वाढतो अन् रोज गाईले घालतो. तो तिकडं उपाशी फिरत असन तर? काहून अडकवून ठेवलं त्याले?"

"मी काय करू, काकू?"

"तू लिहून दे. त्या सायबाच्या नावानं. पोरगा भेटला, मातीत गेला, असं लिही. ते फक्त कागदाचं ऐकतात."

मी नाही म्हटलं. त्या तशाच उभ्या राहिल्या. घरी गेल्यावर जेवण गेलं नाही. शेवटी चार दिवसांनी मी ते पत्र टाईप केलं. जंगलात अवशेष सापडले, ओळख पटली, सन्मानाने दफन केले. अध्यक्षांची सही मी पुन्हा पुन्हा गिरवली होती. मंगळवारी चंपतराव आले तेव्हा मी कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि खिडकीकडे पाहत राहिले.

त्यांनी वाचलं. मग उठून कागद खिडकीच्या उजेडासमोर धरला. कागदाच्या अंगात इथल्याच कागद गिरणीचा छाप होता. मला तो दिसलाच नव्हता. पस्तीस वर्षं कागद हाताळलेल्या माणसाला तो लगेच दिसला.

"भागीरथा आली होती काय?"

मी होकारार्थी मान हलवली.

मला वाटलं, ओरडतील. ते खुर्चीत बसले, कागदाची नीट घडी घातली.

"लग्न झाल्यापासून तिनं मले काही मागतलं नाई," ते म्हणाले. "अन् हे मागाले तिले तुमच्याकडं यावं लागलं. मी तिचंच ऐकून नाई राहिलो." मग म्हणाले, "रामटेकले कधी जायचं, विचारतो तिले."

रामटेकला अंबाळा तलावाच्या काठी क्रिया झाली. मीही गेले होते. भटजींनी दर्भ आणि पळसाची पानं बांधून माणसाएवढा पुतळा केला. चंपतरावांनी त्याला अग्नी दिला, सांगितलं ते सगळं केलं. चेहऱ्यावर काही नव्हतं. पुतळा पाहता पाहता जळून गेला.

परतीच्या एसटीत मनसर मागे पडलं आणि भागीरथाबाई रडायला लागल्या. मोठ्याने, अनंताला हाका मारत. लोक वळून पाहायला लागले, कंडक्टर जवळ आला. चंपतरावांनी त्यांना गप्प केलं नाही. ते खिडकीच्या गजाला धरून समोर बघत होते. कामठी आली, नागपूर आलं, तरी त्या रडतच होत्या.

त्यानंतर चंपतराव वाचनालयात आले नाहीत. दोन महिने वाट पाहून मीच धंतोलीला गेले. भागीरथाबाई आत झोपल्या होत्या. आता त्यांना झोप लागते, असं ते म्हणाले. स्वतः ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते, दाढी वाढलेली.

"माफ करा काका," मी म्हटलं.

"तिच्यासाठी केलं मी ते. मले अजूनही पटलं नाई." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "पण आता लिहू कोणाले? मीच अग्नी दिला. आधी मंगळवार तरी यायचा, बाई. आता सकाळ झाली की संध्याकाळच होत नाई."

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले.