माळावरची हाक

पवनचक्क्यांसाठी जागा शोधताना ईट गावाजवळच्या माळावर आम्ही वारा मोजायचा खांब उभा केला, तेव्हा मेंढरं राखणारी एक म्हातारी मला रोज दिसायची. दुपारी वारा सुटला की ती खांबापाशी यायची, कानावरचा पदर मागं सारायची आणि डोळे मिटून उभी राहायची. मधेच मान डोलवायची.

एकदा मी विचारलं, "मावशी, काय ऐकता?"

"आमच्या मालकाला," ती सहज म्हणाली. "मेंढरं वळवाय वर गेले, ते माघारी आलेच न्हाईत. वारं सुटलं की हाका मारत्यात." मग खांबाकडं बघत तिनं विचारलं, "तुमचं पातं फिराय लागल्यावर त्यांचा आवाज यील का ओ?"

तेवढ्यात वारा आला. मला नुसती त्याची शीळ ऐकू आली. पण चरणाऱ्या सगळ्या मेंढरांनी एकदम माना वर केल्या आणि ती सगळी माळाच्या रिकाम्या टोकाकडं चालू लागली. म्हातारीही त्यांच्यामागं गेली.

वारा खांबाच्या जागीच सगळ्यात चांगला होता. तरी मी पवनचक्कीसाठी पलीकडची टेकडी सुचवली. साहेबांनी कारण विचारलं, तेव्हा खाली खडक पोकळ आहे, एवढंच सांगितलं.