काचेतून पाहिलेली चोरी

इतक्या वर्षांनीही ती घटना आठवली की आधी ती काच आठवते. नव्वदच्या दशकात मी अंबड तालुक्यात फौजदार म्हणून नेमणुकीला होतो. वडीगोद्रीच्या हमरस्त्यावर पाण्याच्या मोटारी विकणारं एक दुकान होतं. मालकानं फिर्याद दिली : मागच्या आवारातून दोन नव्या मोटारी गेल्या, आणि चोर म्हणजे शेजारच्या गाळ्यात मोटारी दुरुस्त करणारा त्याचाच भाडेकरू.

"साहेब, दिवाबत्ती केली, हात जोडले अन् काचेतून पाह्यलं, तर ह्यो मोटार उचलून राह्यला!" मालक म्हणाला.

केबिनच्या काचेवर त्यानं नुकतीच चकचकीत फिल्म लावून घेतली होती. प्लास्टिकचे पातळ थर एकावर एक. थोडा उजेड आरपार जातो, थोडा परत फिरतो. मी भर दुपारी पाहिलं. बाहेरून माझीच टोपी दिसत होती, आतून मात्र आवारातली कोंबडीसुद्धा स्पष्ट. जबाब जुळत होता. पण देवाला हात जोडल्याचं जो न विचारता सांगतो, त्याच्यावर माझा विश्वास जरा कमीच बसतो.

मेकॅनिकला चौकशीसाठी ठाण्यात आणलं. दम दिला, उलटसुलट विचारलं. चोरीच्या दिवशी तो दिवसभर परगावी विहिरीवर काम करून संध्याकाळीच परतला होता. त्याचं एकच म्हणणं, "साहेब, लोक इश्वासानं मला विहिरीवर येऊ देतेत. एकदा चोर म्हन्ले की धंदा बसला. मीच माझ्या पोटावर पाय देईन का?" रडणारे चोर मी पुष्कळ पाहिलेत, त्यामुळे विरघळलो नाही.

त्यातच खबऱ्यानं कानावर घातलं, "मालकाला गाळा खाली पाह्यजे, अन् मेकॅनिक सोडून न्हाई राह्यला."

मग दोन पंच घेऊन मी दिवेलागणीला केबिनमध्ये गेलो. मालकाला म्हटलं, "त्या दिवशी केलं तेच बरोबर करून दाखवा." त्यानं ट्यूब लावली, तसबिरीला हात जोडले आणि काचेकडे वळला. काचेत आम्ही चौघेच उभे होतो, आवार कुठं दिसेना. बाहेर आवारात उभा केलेला हवालदार ओरडला, "साहेब, आतलं समदं दिसून राह्यलं!" ज्या बाजूला उजेड जास्त, त्या बाजूला ती फिल्म आरसा होते. मेकॅनिक दिवसभर परगावी, म्हणून मालकानं वेळ दिवेलागणीची सांगितली; आणि दिवसा दिसतं म्हणजे तेव्हाही दिसणार, असं तो धरून चालला होता.

"बोला, कोण दिसतंय?" मी विचारलं. गाळा खाली व्हावा म्हणून खोटा आळ घेतल्याचं त्यानं कबूल केलं. मोटारी कुंभार पिंपळगावला त्याच्या मेहुण्याच्या गोठ्यात, कडब्याखाली मिळाल्या.

मेकॅनिकला सोडलं, तर तो ठाण्याच्या पायरीवरून हलेना. "नेताना समद्या रोडनं पाह्यलं, साहेब. सोडल्यालं कोन पाहनार?"

मला वाईट वाटलं. संशय घेणं हे आमचं कामच, त्याची लाज नाही. पण चारचौघांत घेतलेला संशय चारचौघांतच मागे घ्यावा लागतो, हे मला त्या माणसानं शिकवलं. मी त्याला जीपमध्ये माझ्या शेजारी बसवलं, वडीगोद्रीच्या भर रस्त्यावर उतरवलं आणि मोठ्यानं म्हणालो, "चोर दुसराच निघाला. हा माणूस स्वच्छ आहे."

टपरीवरचे लोक वळून बघू लागले. त्यातला एक म्हातारा शेतकरी चहा ठेवून उठला आणि मेकॅनिकला म्हणाला, "मंग, माझी मोटार कवा पाह्यतो? जल्दी ये, पीक वाळून राह्यलं."