खंडेनवमीला झोपवलेलं यंत्र

खालापूरकडच्या कागदाच्या कारखान्यात मी टेलिफोन ऑपरेटर होते, आणि तीही कच्ची. कायम करायचं की घरी पाठवायचं, हे मोठे साहेब दसऱ्यानंतर येऊन ठरवणार होते. नेमका दसऱ्याच्या तोंडावर दोऱ्या खुपसायचा जुना बोर्ड गेला आणि आपणहून फोन जोडणारं यंत्र आलं. बसवणारा माणूस जाड इंग्रजी पुस्तक माझ्या हातात देऊन मुंबईला पसार झाला.

यंत्राला सगळं फोनची बटणं दाबून शिकवायचं. बाहेरगावी कोणाला बोलता येईल, कोणाला नाही, लाइन बिघडली तर घंटी कोणाकडे वाजेल. एक आकडा चुकला की बीप, पुन्हा पहिल्यापासून. तीन दिवस त्या बीपला मी शिव्या घातल्या. शेवटचं पान मात्र वाचलं नाही. मॅट्रिकला इंग्रजीत पहिली आलेली ना मी.

खंडेनवमीला कारखान्यातली सगळी यंत्रं पुजून बंद ठेवली. पुजलेलं हत्यार त्या दिवशी चालवायचं नसतं. मग माझ्याच यंत्राने काय घोडं मारलंय? झेंडू वाहिला, मागचं बटण बंद केलं.

शिपाईमामा दारात उभे. "बाय, बंद केल्यावर ते समदं इसरणार नाय ना?"

"मामा, झोपलात की तुम्ही स्वतःचं नाव विसरता का?"

"मी नाय इसरत गं. पन मला कुनी बटनं दाबून शिकवलं नाय."

केवढी हसले मी. शहाणी कुठली.

दसऱ्यानंतर यंत्र सुरू केलं तर पाटी कोरी. शिकवलेलं साठवून ठेवायचा आकडा त्या शेवटच्या पानावर होता. त्यात एक लाइन बिघडलेली, आणि न शिकवलेलं यंत्र बिघाडाची घंटी पहिल्या नंबरावर देतं. पहिला नंबर मोठ्या साहेबांचा, आणि ते नेमके त्याच दिवशी आलेले. ते फोन उचलत, कानात बीप. ठेवला की पुन्हा घंटी.

"बाई, हे काय चाललंय?"

"पूजेसाठी बंद केलं होतं, साहेब."

त्यांनी घड्याळ पाहिलं. "चारला निघतो मी. तोवर हे थांबलं पाहिजे."

मामा स्टूल ओढून बसले. "पुस्तकातले आकडे येतात मला. मी वाचतो, तू दाब." ते एकेक आकडा सावकाश वाचत, मी दाबत होते. एकदाही बीप नाही, याचाच मला जास्त राग आला. साडेतीनला शेवटच्या पानावरचा आकडाही दाबला आणि साहेबांची घंटी थांबली. चारला साहेबांनी मला कायम करण्याच्या कागदावर सही केली.

पुढच्या खंडेनवमीला मी झेंडू घेऊन उठले, तर मामा यंत्राच्या बटणाला पाठ लावून उभे.

"फूल हितं दे. मी वाहतो."