चित्र आमचं, आवाज शेजाऱ्याचा

टिनाचं अन् करंटचं काम अख्ख्या इतवारीत माझ्यासारखं कोणी करत नव्हतं. हे मी ज्याइले सांगत होतो ते माझ्या दुकानासमोरचे रिक्षावाले होते, अन् सवारी भेटली की तेही अर्ध्या बोलण्यातून उठून जात.

मी कूलर बनवाचो. टिन कापाचं, ठोकून डब्बा कराचा, तीन बाजूनं खसची, म्हणजे वाळ्याच्या गवताची, टट्टी लावाची, मधात पंखा अन् पाण्याची मोटर. शाळेत मी एकदाच गेलो, छपरावरचे पत्रे बसवाले. पण मी हात लावला तं पंखा फिरते, मंग टीव्ही काहून नाही चालणार, असा माझा हिसाब.

नागपुरात टीव्ही येऊन तेव्हा जास्त दिवस झाले नव्हते. ज्याच्या छतावर अँटिना तो मोठा माणूस. रामदासपेठेतल्या एका डॉक्टरचे कूलर मी दरसाल दिवाळीच्या वक्ती उतरवून ठेवाचो. त्या साली काम झाल्यावर त्यानं मले आतल्या खोलीत नेलं अन् एक टीव्ही दाखवला. फॉरेनचा, रंगीत. त्याच्या भावानं परदेशातून आणला अन् इथंच टाकून गेला. म्हणे, घेऊन जा, असाच. आता डॉक्टर माणूस असंच काही देत नाही. मी त्या टीव्हीच्या चारी बाजूनं फिरलो, वास घेतला, खाली वाकून पाहिलं. डॉक्टर हसला. म्हणे, फोटो चांगला येते, आवाज येत नाही, हा सेट आपल्या इथल्या स्टेशनसाठी बनलाच नाही. मले ते पटलं नाही. एकाच तारेनं दोघं येतात, मंग एक घरात येते अन् दुसरा बाहेर काहून राहते? हा काहीतरी लपवून राहिला, असं मले वाटलं. अन् तरी घेऊन आलो. शक मले सगळ्यावर येते, पण फुकटची वस्तू सोडाची अक्कल येत नाही.

बायकोचा पयला सवाल, "काहून देला त्यानं?"

मी म्हटलं, माझ्या कामावर खूष होऊन. तिनं टीव्हीकडे पाहिलंच नाही, माझ्याच तोंडाकडे पाहत राहिली.

त्याच दिवसात आमच्या पोरीचं जुळवाचं चाललं होतं. पोरगी मॅट्रिक झालेली, शिलाई शिकलेली, बोलणं मोजकं. आईवर गेली होती, देवाची कृपा. आधीची दोन ठिकाणं मोडली होती, अन् दोन्ही माझ्या तोंडानं. एकाइले मी सांगून बसलो की गावाकडे आमची संत्र्याची बाग आहे, तं ते लोक दुसऱ्या दिवशी बाग पाहाले निघाले. आता हे तिसरं. पोट्टा बेस्याच्या शाळेत मास्तर होता. बेसा तेव्हा शेतातलं गाव. एका लग्नात त्यानं पोरीले पाहिलं, पोरीनं त्याले, अन् दोघांच्याही मनात भरलं. पोरगी तोंडानं काही बोलली नाही, पण शिलाई मशीनवर बसून गुणगुणाले लागली होती. बायकोनं मले दारात गाठून सांगतलं, "हे मोडलं तं पोरगी काही म्हणणार नाही. पण मंग तुमचं-माझं बोलणं बंद."

एवढं सगळं मालूम असून मी काय केलं ते ऐका. काही दिवसांनी दुसऱ्या एका लग्नात पंगतीत पोट्ट्याचा बाप माझ्या बाजूले येऊन बसला होता. भिवापूरचा मिरचीचा व्यापारी. त्याची अशी ख्याती की पोत्याच्या वरच्या मिरचीकडे तो पाहतच नाही. बाही वर करते, कोपरापर्यंत हात पोत्यात घालते, बुडची मिरची काढते, बोटात दाबते, कानापाशी नेऊन हलवते. वरची मिरची लोक त्याले दाखवाले ठेवतात, हे त्याले पक्कं ठाऊक. पंगतीतही त्यानं बुंदीचा लाडू उलटा करून पाहिला अन् मंग खाल्ला. अशा माणसाजवळ मी चूप बसाले पाहिजे होतं. वरणभात होईपर्यंत बसलोही. कढी आली अन् मी बोलून गेलो की आमच्या घरी फॉरेनचा रंगीत टीव्ही आहे.

त्याचा घास हातातच राहिला. "चालते?"

मी म्हटलं, "चालते? बोलते."

"मंग येतो एखाद्या रविवारी," तो म्हणे. "पोरगी पाहीन, अन् टीव्हीही पाहीन."

रिक्षात घरी येतपर्यंत बायको तोंड फिरवून बाहेरच पाहत बसली. मले वाटलं, थकली असेल.

दुसऱ्या दिवशी सेट घेऊन सीताबर्डीले एका मेकॅनिककडे गेलो. त्यानं मागचं झाकण खोललं, टॉर्च मारला, अन् डॉक्टरचीच गोष्ट सांगाले लागला. म्हणे, फोटो अन् आवाज यात बाहेरच्या देशात जेवढं अंतर ठेवतात तेवढं आपलं स्टेशन ठेवत नाही, म्हणून याले आवाज सापडत नाही. आतली आवाजाची प्लेट बदलवा लागते, ते मुंबईहून येईन. सेट ठेवून जा. ते 'ठेवून जा' ऐकलं अन् मी सेट उचलला. डॉक्टर अन् हा, दोघं एकच गोष्ट सांगतात म्हणजे दोघं मिळालेले असतील. फॉरेनचे पार्ट काढून घेईन अन् मले नुसता खोका देईन.

मंग मीच बसलो. कबाड्याकडून एका मेलेल्या देशी टीव्हीची आवाजाची प्लेट आणली, अन् डाग द्याच्या ज्या कय्यानं मी कूलरची टाकी जोडाचो त्याच कय्यानं ते आत जोडून देली. चालू केला. आवाज आला. खरंच आला, माणसाचा. पण फोटो गेला. प्लेट काढली तं फोटो आला अन् आवाज गेला. परत जोडली, परत तेच. भांडलेल्या नवराबायकोसारखं होतं, एक घरात आलं की दुसरं बाहेर. चार दिवस हेच. पोरगी मशीनवरून पाहत राही. मशीनही चूप, गुणगुणणंही बंद. शेवटी मी प्लेट काढून ठेवली, कारण आवाज कोणाच्याही रेडिओत येते, फॉरेनचा फोटो कुठं येते?

भिवापूरहून निरोप आला, याच रविवारी येतो म्हणून.

आता आमच्या शेजाऱ्याचं सांगतो. आमची त्याची एकच भिंत. तो मिलमधून रिटायर झालेला, लूमच्या खडखडाटानं कान गेले म्हणे. मले त्याचा भरोसा नव्हता. सायकल बाजूले घे म्हटलं तं त्याले ऐकू येत नव्हतं, पण आमच्या घरी कपबशी वाजली की तो खिडकीत. माझ्या टिन ठोकण्यावरून आमचं भांडण झालं होतं, तेव्हापासून बोलणं बंद. ज्याले ऐकूच येत नाही त्याले ठोकण्याचा त्रास काहून झाला, हे मी तेव्हाच विचारलं होतं. त्याच्याकडे काळापांढरा देशी टीव्ही होता, अन् तो इतका मोठ्यानं लावे की आमच्या फळीवरचे डब्बे थरथरत.

एका संध्याकाळी मी असाच मुक्या टीव्हीसमोर बसलो होतो. बातम्या सांगणाऱ्या बाईचं तोंड हलून राहिलं होतं, अन् भिंतीतून शेजाऱ्याच्या टीव्हीचा आवाज येऊन राहिला होता. पाहतो तं काय, त्या बाईच्या तोंडात तो आवाज बरोब्बर बसून राहिला. तेव्हा सगळ्या टीव्हीत एकच प्रोग्राम. जे त्याच्याकडे तेच माझ्याकडे. मी उठून उभा झालो. मुंबईच्या प्लेटची गरजच नव्हती.

त्या भिंतीत आमच्या बाजूनं एक कोनाडा होता, त्याच्या मागं नुसता गिलावा. शेजाऱ्याचा टीव्ही त्याच्याच पलीकडे. मी टिनाचा एक भोंगा बनवला, गिऱ्हाइकाच्या कूलरलेही मी इतकं नाजूक काम केलं नसेल. मोठं तोंड कोनाड्यात बसवलं, कडेनं खस खुपसली, अन् बारकं तोंड टीव्हीच्या मागं आणून सोडलं. टीव्ही कोनाड्यासमोर सरकवला. आवाज थेट टीव्हीतून येऊन राहिला असाच वाटे. मी पोरीले बोलावून विचारलं, कसं झालं? ते म्हणे, "बाबा, काकांनी टीव्ही बंद केला तं?"

हा सवाल मले आला नव्हता. म्हणून बायकोले शेजारी पाठवली, सांबारवड्या घेऊन. सांबार म्हणजे कोथिंबीर. हिवाळ्यात आमच्या नागपुरात त्या वड्याइले कोणी नाही म्हणत नाही. शेजारणीले सांगतलं, रविवारी पाहुणे येऊन राहिले, टीव्ही चांगला मोठ्यानं लावजा. वड्या गेल्या, पण शेजारी शकात पडला. इतक्या दिवसांनी याइच्या घरून वड्या काहून? शनिवारी मी पाहाले बसलो तं भिंतीतून काहीच आवाज नाही. बायको म्हणे, तो टीव्ही बारीक करून भिंतीले कान लावून बसला आहे, तिनं खिडकीतून पाहिलं. म्हणजे मी त्याचा आवाज ऐकाले बसलो अन् तो माझा. दोघं चूप.

रविवारी मात्र त्यानं पिक्चरच्या वक्ती फुल आवाज केला. व्यापारी आला, पांढरी टोपी, एकटाच. मी त्याले टीव्हीसमोरच्या खुर्चीवर बसवलं. पडद्यावर हिरोचं तोंड जरासं हिरवं होतं, पण गाणं असं खणखणीत की मीच घडीभर विसरून गेलो. पोरगी पोहे ठेवून बाजूले बसली. व्यापाऱ्यानं पोह्याचा घास घेतला, मंग टीव्हीकडे पाहिलं, मंग माझ्याकडे, मंग परत टीव्हीकडे.

मंग तो म्हणे, "जरा आवाज कमी करा, पोरीसंगं बोलतो."

एवढीच गोष्ट मी सोडून देली होती. आवाज यावा म्हणून इतकं केलं, पण आवाज कमी कराचा असते हे मले सुचलंच नाही. मी उठलो, टीव्हीचं बटण फिरवलं. हिरो तसाच गात राहिला. जोरात फिरवलं. गातच राहिला. मी म्हटलं, फॉरेनचं आहे, जरा वेळ घेते. व्यापारी म्हणे, "मंग बंदच करून टाका."

मी बंद केला. पडदा काळा झाला. हिरोईन गाऊन राहिली.

बायको दारात उभी होती, तिनं डोळे मिटून घेतले. मी तोंड उघडलं अन् सांगाले सुरुवात केली की फॉरेनच्या सेटमध्ये आवाज काही वेळ भरून राहते, गरम तव्यासारखा. व्यापाऱ्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. तो पोरीकडे वळला.

"तू सांग वं माय. हा आवाज कुठून येऊन राहिला?"

मी पोरीले डोळ्यानं खुणावून राहिलो होतो. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मंग ते व्यापाऱ्याकडे वळली. ते म्हणे, "शेजारच्या काकांच्या टीव्हीतून. आमच्यात आवाज येत नाही."

व्यापारी उठला, बाही वर केली, अन् टीव्हीच्या मागं कोपरापर्यंत हात घातला. भोंगा ओढून बाहेर काढला. उजेडात धरून त्यानं तो उलटसुलट पाहिला, कडेचं जोडकाम बोटानं दाबलं. तेवढ्यात शेजाऱ्याकडचं गाणं एकदम थांबलं, अन् कोनाड्यातून शेजाऱ्याचा आवाज आला, साफ, जसा खोलीतच बसला आहे: "चूप वं, ऐकू दे. काहीतरी बिनसलं वाटते तिकडे."

त्या दिवशी मले पक्कं समजलं की त्याले ऐकू येते. पण ते सांगाची वेळ नव्हती.

व्यापाऱ्यानं भोंगा माझ्या हातात देला अन् परत खुर्चीवर बसला. राहिलेले पोहे सगळे खाल्ले, पाणी पेला. मी भोंगा कुठं ठेवावा ते न समजून तसाच पकडून उभा होतो. मंग तो बायकोले म्हणे, "बाई, बाप डोळे दाखवून राहिला तरी पोरीनं खरं सांगतलं. आमच्या पोट्ट्यानं बरोबर पाहिलं. पुढच्या रविवारी त्याले घेऊन येतो, बोलणी तुमच्यासंगं करतो."

बायकोनं पदर तोंडाले लावला. पोरगी आत पळाली. मी पुढं झालो, हात जोडले, अन् म्हटलं, पाहुणे, त्या दिवशी पाहा, मी असा काही बंदोबस्त करतो...

त्यानं टोपी डोक्यावर नीट केली. "तुम्ही काहीच करू नका. त्या दिवशी तुम्ही दुकानातच राहा."