थांबणं ठाऊक नसलेल्या काकू

थांबणं नावाची काही गोष्ट या जगात असते, हे सिंदी रेल्वेच्या आमच्या शेजारच्या काकूंना कुणी सांगितलंच नव्हतं. पाहुणा ‘निघतो’ म्हणायच्या आत त्याच्या चपला दाराकडे तोंड करून ठेवलेल्या असत. वर्ध्याला जायचं तर त्या तासभर आधी फलाटावर उभ्या, आणि गाडी वेळेवर आली तरी ‘आज लेट होती’ म्हणून गावभर सांगणार.

मुलाने बॅकगॅमन या फासे-सोंगट्यांच्या खेळाचा पट आणून दिला तेव्हा त्याने नियम समजावला. एकटी पडलेली सोंगटी मारता येते आणि तिला पटाबाहेरून पुन्हा सुरुवात करावी लागते. पण मारायच्या नादात आपलीच सोंगटी उघडी पडू शकते, म्हणून कधी मारायचं आणि कधी दम धरायचा हाच खरा खेळ. काकूंनी यातलं पहिलं वाक्यच ऐकलं असावं. समोर खेळायला काका, म्हणजे त्यांचे यजमान. एक सोंगटी सरकवायला दहा मिनिटं विचार करणारा माणूस.

“काऊन मारली? तुयीच उघडी पडली ना!” काका कळवळून म्हणत.

“मंग काय तिले हळदीकुंकू लावू?” काकू म्हणत, आणि रोज हरत.

मागच्या वर्षी काकांना लकवा आला. सावंगीच्या दवाखान्यातून ते घरी आले, पण उजवा हात मांडीवरून उचलेना. डॉक्टरांनी बोटं चालवत राहायला बजावलं होतं. काका भिंतीकडे तोंड करून पडून राहत. एका दुपारी काकूंनी त्यांना उठवून बसवलं आणि पट मांडला. मी तिथेच होतो.

काकूंनी काकांचा उजवा हात उचलून पटावर ठेवला आणि त्यात फासे दिले, पण बोटांतून ते चारदा निसटले. मी मदतीला हात पुढे केला, तर काकूंनी त्यावर सणसणीत चापट मारली. आत वरण लागल्याचा वास सुटला. काकू हलल्या नाहीत. शेवटी फासे पडले, पण काकांची सोंगटी एकटी राहिली.

काकूंना नेमकं मारायचं दान पडलं. त्यांनी भलतीच सोंगटी सरकवली.

“काऊन सोडली?” काकांचा आवाज चढला. “बिमार हाय म्हणून दया करून राह्यली काय? मी नाई खेळत मंग.”

काकूंनी चाल मागे घेतली आणि काकांची सोंगटी अशी मारली की पट हादरला.

काका वाकड्या तोंडाने हसले आणि त्यांचा उजवा हात आपणहून फाशांकडे सरकला.

“वरण लागलं वाटते,” पदराने डोळे पुसत काकू म्हणाल्या. पण जागच्या उठल्या नाहीत.